कामाच्या ठिकाणी झालेल्या रक्तदाब तपासणीत आकडा जास्त निघाला, तर पुढे काय करावे?

टिपणवही यांचा प्रश्न

नमस्कार. मी एका मध्यम आकाराच्या आस्थापनेत मनुष्यबळ विभागात काम करतो. गेल्या महिन्यात आमच्याकडे सर्व कर्मचाऱ्यांच्या रक्तदाबाची तपासणी झाली. त्या शिबिराची व्यवस्था माझ्याकडे होती, त्यामुळे त्यात जे काही चुकले असेल त्यात माझाही वाटा आहे, हे आधीच कबूल करतो.

सभागृहाच्या दाराशी एक टेबल, त्यावर एक यंत्र आणि दारापासून थेट जिन्यापर्यंत रांग, असे ते दृश्य होते. लोक तीन मजले चढून येत होते, उभ्या-उभ्या गप्पा मारत होते आणि पाळी आली की खुर्चीच्या कडेवर टेकून शर्टाची बाही वर सारत होते. बाही सरली नाही, तर पट्टा तिच्यावरूनच बांधला जात होता. तपासनीस दोन-दोन मिनिटांत एकेक माणूस हातावेगळा करत होता आणि शेजारच्या मदतनिसाला लिहून घेता यावे म्हणून आकडा मोठ्याने सांगत होता. साहजिकच तो रांगेतल्या पुढच्या चार-पाच जणांनाही ऐकू जात होता. भांडार विभागातील एका धिप्पाड सहकाऱ्याच्या दंडावर पट्टा फुगताच चर्र आवाज करत सुटला. दुसऱ्या वेळी तपासनिसाने तो हाताने दाबून धरला आणि १६८/१०२ अशी नोंद झाली. त्या दिवसापासून तो सहकारी पुरता धास्तावला आहे.

माझा स्वतःचा रक्तदाब १५२/९६ आला. नंतर मी घरी चार दिवस यंत्राने मोजला, तेव्हा वरचा आकडा १२८ ते १३६ आणि खालचा ८० ते ८६ यांच्या दरम्यान राहिला. शिबिराच्या नोंदवहीप्रमाणे आमच्याकडे जवळपास तिघांमागे एकाचा रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक आहे. या नोंदींवर कितपत विसंबावे, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न अधिक अडचणीचा आहे. व्यवस्थापनाने माझ्याकडे या लोकांची नावानिशी यादी मागितली आहे, आणि त्यामागचा हेतू ‘काळजीचा’ असल्याचे सांगितले जाते. यादी अजून माझ्या कपाटातच आहे. ती द्यावी का?

---

स्थिरनाडी यांचे उत्तर

मी औद्योगिक आरोग्याच्या क्षेत्रात डॉक्टर म्हणून काम करतो. आपण शिबिराचे वर्णन इतक्या बारकाईने केले आहे की पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे त्या वर्णनातच आले आहे.

रक्तदाब मोजण्यापूर्वी माणसाने किमान पाच मिनिटे शांत बसलेले असावे, पाठ टेकलेली असावी, दोन्ही पावले जमिनीवर सपाट असावीत, पायावर पाय नसावा आणि हात टेबलावर अशा रीतीने ठेवलेला असावा की पट्टा हृदयाच्या पातळीत येईल. लघवी तुंबलेली नसावी. आधीच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी, तंबाखू किंवा दमछाक करणारी हालचाल झालेली नसावी. मोजमाप चालू असताना मोजणाऱ्यानेही बोलू नये आणि मोजून घेणाऱ्यानेही बोलू नये, कारण नुसत्या बोलण्याने वरचा आकडा १० मिमीपर्यंत (रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये, म्हणजे ‘मिमी’त मोजतात) चढू शकतो. हात खाली लोंबकळत असेल, तर त्यातला वाढावा निव्वळ भौतिकशास्त्राचा असतो: पट्टा हृदयापेक्षा जितका खाली, तितक्या उंचीच्या रक्तस्तंभाचा दाब आकड्यात मिसळतो. हा वाढावा दर सेंटीमीटरला साधारण पाऊण मिमी इतका असतो, म्हणजे हात १० सेंटीमीटर खाली असला की सात-आठ मिमी फुकट वाढले. आपल्या रांगेत यांपैकी बहुतेक सर्व चुका एकाच वेळी झाल्या, आणि त्या जवळजवळ सगळ्या आकडा फुगवणाऱ्या होत्या.

भांडारातील सहकाऱ्याची गोष्ट वेगळी सांगावी लागेल. दंडाच्या घेराच्या मानाने पट्टा लहान असला की धमनी दाबण्यासाठी त्याला अधिक जोर लावावा लागतो आणि तो जास्तीचा जोर रक्तदाब म्हणून नोंदला जातो. पट्टा सुटला, याचाच अर्थ तो त्यांच्या मापाचा नव्हता. हाताने दाबून धरल्यावर आलेला आकडा मी नोंदवहीत ठेवलाच नसता. अर्थात त्यांचा रक्तदाब सामान्यच आहे, असेही मला म्हणायचे नाही. तो अजून मोजलाच गेलेला नाही, इतकेच मी म्हणेन. योग्य मापाच्या पट्ट्याने तो येत्या काही दिवसांत जरूर मोजावा.

आता मर्यादांविषयी. डॉक्टरांच्या खोलीत मोजलेला १४०/९० हा आकडा बहुतेक देशांत उच्च रक्तदाबाची सीमा मानला जातो. अमेरिकेतील हृदयरोग संघटनांनी २०१७ मध्ये ही सीमा १३०/८० वर आणली. घरी मोजताना सीमा १३५/८५ धरतात, कारण घरी माणूस तुलनेने निवांत असतो. सीमा कोणतीही घेतली, तरी एकदाच आलेल्या आकड्यावर निदान करायचे नसते. आपण घरी मोजत आहात हे उत्तमच आहे, फक्त ते थोडे शिस्तीने करावे. सलग सात दिवस, सकाळी आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यावेत आणि उरलेल्यांची सरासरी काढावी. आपल्या चार दिवसांच्या आकड्यांवरून आपण सीमेच्या अगदी जवळ आहात असे दिसते. म्हणून शिबिराचा १५२ हा आकडा जसा खरा मानू नये, तसे घरचे १२८ पाहून निर्धास्तही होऊ नये.

सीमेच्या अलीकडे सुरक्षित आणि पलीकडे आजारी, असा कडेलोट येथे नसतो. २००२ मध्ये सुमारे दहा लाख प्रौढांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात ४० ते ६९ या वयोगटात ११५/७५ पासूनच चढण सुरू होते असे दिसले. वरचा आकडा २० मिमीने किंवा खालचा १० मिमीने वाढला की पक्षाघाताने मृत्यू होण्याचा धोका दुपटीहून अधिक आणि हृदयविकाराने मृत्यू होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. त्यातही केवळ रक्तदाबावरून माणसाचा धोका कळत नाही. बत्तीस वर्षांची, तंबाखूला न शिवणारी व्यक्ती आणि छप्पन्न वर्षांची, मधुमेह असलेली, धूम्रपान करणारी व्यक्ती, अशा दोघांचाही रक्तदाब १४६/९२ असेल तर नोंदवहीत ते एकाच ओळीत बसतात. पुढच्या दहा वर्षांत हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता मात्र दुसऱ्या व्यक्तीची कितीतरी पटीने अधिक असते. म्हणून तपासणीच्या वेळी वय, तंबाखू, मधुमेह, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडाचे विकार आणि घराण्यातील हृदयविकार यांची विचारणा व्हायला हवी. ती रांगेत, चारचौघांत नव्हे.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा. आकडा १८०/१२० च्या वर आला, तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजावे. तो तसाच असेल आणि सोबत छातीत दुखणे, धाप लागणे, एका बाजूचे हातपाय लुळे पडणे, बोलणे अडखळणे किंवा अचानक अंधुक दिसणे यांपैकी काहीही असेल, तर ताबडतोब रुग्णालयात न्यावे. लक्षणे नसतील तरी त्या व्यक्तीने लवकरात लवकर, शक्यतो त्याच दिवशी, डॉक्टरांशी बोलावे.

---

तिसरी पाळी यांचे उत्तर

वरील उत्तरात आकडा फुगण्याविषयी बरेच आले आहे. माझा अनुभव नेमका उलट आहे.

मी यंत्रावर काम करतो आणि महिन्यातले निम्मे दिवस रात्रपाळी असते. आमच्याकडची तपासणी नेहमी सकाळी, तीही शक्यतो साप्ताहिक सुटीच्या दुसऱ्या दिवशी होत असे. त्यामुळे मी झोप पूर्ण करून, ताजातवाना होऊन जात असे. लागोपाठ तीन वर्षे माझा रक्तदाब १२६/८० च्या आसपास आला आणि माझ्या कागदावर ‘सामान्य’ असा शिक्का पडत गेला. चौथ्या वर्षी वेगळ्याच कारणासाठी डॉक्टरांकडे गेलो असता त्यांनी कामाच्या वेळा विचारल्या आणि चोवीस तास अंगावर बाळगायचे रक्तदाबयंत्र लावले. ते दिवसा दर वीस मिनिटांनी आणि झोपेत दर अर्ध्या तासाने दंड आवळत असे. पाळीच्या मध्यावर, पहाटे तीनच्या सुमारास, माझा आकडा १५८/९८ होता. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे झोपेत तो उतरलाच नाही. झोपेत रक्तदाब साधारणपणे १० ते २० टक्क्यांनी उतरायला हवा, आणि तो उतरत नसेल तर हृदयावर व मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर अधिक ताण पडतो, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. तपासणीच्या वेळी सामान्य आणि एरवी वाढलेला, अशा रक्तदाबाला ‘झाकलेला’ किंवा ‘छुपा’ उच्च रक्तदाब म्हणतात, हे मला तेव्हा कळले. डॉक्टरांच्या खोलीतच तेवढा वाढणारा रक्तदाब बहुतेकांना ऐकून माहीत असतो. या छुप्या प्रकाराविषयी मात्र शिबिरात कधीच कोणी बोलत नाही, आणि माझ्या समजुतीप्रमाणे दोहोंत अधिक घातक तोच आहे.

आणखी एक गोष्ट, जी मला कोणी विचारली नव्हती आणि म्हणून मी सांगितली नव्हती. कंबरदुखीसाठी मी दुकानातून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या वर्षभर अधूनमधून खात होतो. अशा अनेक गोळ्यांनी शरीरात मीठ आणि पाणी साठून रक्तदाब चढतो. चोंदलेले नाक मोकळे करणाऱ्या काही औषधांचाही तसाच परिणाम होतो. टिपणवही, आपण पुढचे शिबिर घ्याल तेव्हा रात्रपाळीच्या लोकांचा रक्तदाब त्यांच्या पाळीतच मोजून घ्या आणि त्यांना गोळ्यांविषयी जरूर विचारा.

---

नियमावली यांचे उत्तर

यादीच्या प्रश्नावर माझे उत्तर स्पष्ट आहे: देऊ नये. ती मुळात आपल्या कपाटात यायलाच नको होती.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९८५ मध्ये कामाच्या ठिकाणच्या आरोग्यसेवांविषयी १६१ क्रमांकाचा करार संमत केला. त्याच्या बाराव्या कलमानुसार कामाशी संबंधित आरोग्य-देखरेखीपायी कामगाराची मजुरी बुडता कामा नये, ती विनामूल्य असावी आणि शक्य तोवर कामाच्या वेळेतच व्हावी. कर्मचाऱ्यांच्या आरोग्य-देखरेखीविषयी याच संघटनेची जी मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यांचा रोख असा आहे की वैद्यकीय तपशील वैद्यकीय कर्मचाऱ्यांकडेच राहावेत, ज्याचे निष्कर्ष त्याला ते समजावून द्यावेत, आणि मालकाला कळवायचेच असेल तर अमुक व्यक्ती अमुक काम करण्यास योग्य आहे की नाही किंवा तिला कोणती सवलत लागेल, एवढेच कळवावे. १६८/१०२ हा आकडा त्यात बसत नाही. आपल्याकडचा कायदा याहून कडक असू शकतो, तोही पाहून घ्यावा.

हेतू काळजीचा असेलही, पण यादी हेतूपेक्षा जास्त काळ टिकते. आज काळजीने मागितलेला कागद उद्या बढतीच्या किंवा कपातीच्या बैठकीत कोणाच्या तरी समोर असतो, आणि ज्याचे नाव त्यावर असते त्याला ते कधी कळतही नाही. एकदा अशी कुणकुण लागली की पुढच्या शिबिराच्या दिवशी ज्यांना तपासणीची सर्वाधिक गरज आहे नेमके तेच रजेवर जातात. व्यवस्थापनाला काही द्यायचेच असेल, तर नावे नसलेली एकत्रित माहिती द्यावी. तीही देताना एक खबरदारी घ्यावी: चार माणसांच्या विभागात ‘एकाचा रक्तदाब जास्त’ असे लिहिले, तर नाव लिहिल्यासारखेच आहे. लहान विभाग एकमेकांत मिसळून आकडे द्यावेत.

अवजड वाहन चालवणे, उंचावर काम करणे, क्रेन हाताळणे अशा कामांसाठी लागणारी पात्रता तपासणी ही निराळी गोष्ट आहे. तिचे नियम आधी जाहीर केलेले असतात आणि तीत येणाऱ्याला ती कशासाठी आहे ते ठाऊक असते. स्वेच्छेच्या शिबिराचे आकडे मागच्या दाराने तिकडे वळवणे म्हणजे विश्वासघात होय. आणि तो मोठ्याने आकडे सांगण्याचा प्रकार तर आपण आजच बंद करावा.

---

शंकेखोर यांचे उत्तर

सर्वांचे मुद्दे मान्य करूनही मला वाटते की मूळ प्रश्न कोणी विचारलेला नाही. अशा शिबिरांनी कोणाचे हृदय वाचते का?

२०१९ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या विक्री-साखळीत झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेथील १६० ठिकाणांपैकी चिठ्ठी टाकावी तशी निवडलेल्या २० ठिकाणी आरोग्यकार्यक्रम राबवण्यात आला. दीड वर्षानंतर त्या ठिकाणचे लोक आपण अधिक व्यायाम करतो आणि वजनाकडे लक्ष देतो असे सांगत होते. पण रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन-उंचीचे प्रमाण, गैरहजेरी आणि औषधोपचारावरचा खर्च यांपैकी कशातही इतर ठिकाणांच्या तुलनेत लक्षणीय फरक पडलेला नव्हता.

दुसरीकडे, ब्रिटिश सरकारी नोकरांचा १९६७ मध्ये सुरू झालेला अभ्यास पाहावा. सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांत हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या तिपटीहून अधिक निघाले, आणि धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल या सर्वांचा हिशेब करूनही या तफावतीचा काही भागच उलगडला. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून असा निष्कर्ष मांडला की आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो. मग वर्षातून एकदा दंडाला पट्टा बांधायचा आणि उरलेले दिवस माणसाला रात्री नऊपर्यंत बसवून ठेवायचे, याला काळजी कशी म्हणावी? व्यवस्थापनाला यादीच हवी असेल, तर कोणत्या विभागात कोण किती तास थांबते याची यादी द्या. तीत गुप्त ठेवण्यासारखे काहीच नाही.

---

स्थिरनाडी यांचे उत्तर

शंकेखोर यांनी सांगितलेला २०१९ चा प्रयोग मलाही ठाऊक आहे आणि त्याचा निष्कर्ष मी नाकारत नाही. मात्र त्याच्या आदल्याच वर्षी, २०१८ मध्ये, लॉस एंजेलिसमधील एक प्रयोग प्रसिद्ध झाला, तो याच्या शेजारी ठेवून वाचावा. केशकर्तनालयांत येणाऱ्या आणि उच्च रक्तदाब असलेल्या ३१९ कृष्णवर्णीय पुरुषांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला केशकर्तकाने राहणीमान सुधारण्याचा आणि डॉक्टरांना भेटण्याचा सल्ला दिला. सहा महिन्यांत त्यांचा वरचा आकडा सरासरी सुमारे ९ मिमीने उतरला. दुसऱ्या गटाला औषधतज्ज्ञ त्याच दुकानात येऊन भेटत, डॉक्टरांशी ठरलेल्या पद्धतीने औषधे सुरू करत व त्यांचे प्रमाण बदलत. त्यांचा आकडा सरासरी २७ मिमीने उतरला. दोन्हीकडे रक्तदाब मोजला गेला होता. फरक पडला तो मोजल्यानंतर कोणी पाठपुरावा केला यामुळे. वरचा आकडा १० मिमीने कमी झाला तरी हृदयविकार व पक्षाघातासारख्या मोठ्या घटनांचे प्रमाण सुमारे एक-पंचमांशाने घटते, हे लक्षात घेतले तर २७ म्हणजे किती, ते कळेल.

कामाच्या तासांबद्दल मात्र माझे शंकेखोरांशी दुमत नाही. रुग्णाला मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवा, चाला, पुरेसे झोपा, असे मी सांगतो तेव्हा त्यातले मीठ त्याच्या हातात असते; चालण्याची आणि झोपेची वेळ बहुधा त्याच्या वरिष्ठाच्या हातात असते.

---

टिपणवही यांचे प्रत्युत्तर

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. या दहा दिवसांत जे घडले ते थोडक्यात सांगतो.

नोंदवही मी आमच्याकडे आठवड्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांच्या स्वाधीन केली आणि तशी लेखी पोच घेतली. व्यवस्थापनाला नावे नसलेला एक पानी गोषवारा दिला व त्याच पानावर ‘मोजमापाची पद्धत सदोष असल्याने हे आकडे गृहीत धरू नयेत’ असा शेरा मारला. वरिष्ठ नाराज झाले, हे लपवत नाही. त्यांचे म्हणणे, मग खर्च कशासाठी केला? मी फेरतपासणीची परवानगी मागितली आणि ती, थोड्या कुरकुरीनंतर, मिळाली. आता सभागृहाऐवजी अभिलेखांच्या खोलीशेजारची लहान खोली ठरली आहे. दिवसाला बाराच जण, प्रत्येकाला पंधरा मिनिटे, आत एका वेळी एकच व्यक्ती. पहिला आकडा सोडून पुढच्या दोन आकड्यांची सरासरी चिठ्ठीवर लिहून त्या व्यक्तीच्याच हातात द्यायची. रात्रपाळीच्या लोकांसाठी दोन रात्री डॉक्टर स्वतः थांबणार आहेत. कामाच्या तासांची यादी मी अजून दिलेली नाही. ती तयार करू लागलो, तेव्हा सर्वांत वर माझ्याच विभागाचे नाव आले.

भांडारातील सहकाऱ्यासाठी मोठ्या मापाचा पट्टा मागवायचा आहे. विक्रेता दंडाचा घेर विचारतो आहे. तो नेमका कोठे मोजावा?

---

स्थिरनाडी यांचे उत्तर

हात कोपरात काटकोनात वाकवून खांद्याच्या हाडाचे टोक आणि कोपराचे टोक यांच्यातील अंतराचा मध्य काढावा आणि तेथे पेनाने खूण करावी. मग हात सैल सोडून त्या खुणेवर टेप गुंडाळावी. ती त्वचेला टेकलेली असावी, पण रुतू नये. पट्ट्यावर घेराची किमान आणि कमाल मर्यादा सेंटीमीटरमध्ये छापलेली असते, तिच्यात हे माप बसले पाहिजे. माप दोन पट्ट्यांच्या सीमेवर आले, तर मोठा पट्टा घ्यावा. पहिल्या वेळी दोन्ही दंडांवर मोजून पाहावे. दोहोंत १० मिमीहून अधिक फरक असेल तर तो डॉक्टरांच्या कानावर घालावा आणि पुढे ज्या दंडावर आकडा जास्त येतो, तोच धरावा.